उकळी आल्यानंतर



बंगालीतून मराठीत अनुवाद करताना एक साधा शब्द मला नेहमी अडवतो. तो शब्द म्हणजे 'उनुन'. त्याला चूल म्हणावे, तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे लाकडे आणि फुंकणी उभी राहते. शेगडी म्हणावे, तर लोणारी कोळसा आठवतो. कलकत्त्याचा उनुन मात्र दगडी कोळशाचा. राणीगंजच्या खाणी जवळच्या, म्हणून या शहराचा स्वयंपाक दीर्घकाळ त्या कोळशावर झाला. बादलीला आतून माती लिंपून केलेली उचलती शेगडी गृहिणी गल्लीत पेटवीत आणि धूर सरला की घरात नेत. कोळशाची भुकटीदेखील टाकून देत नसत. तिचे गोळे वळून उन्हात वाळवीत. त्यांना 'गुल' म्हणत. हिवाळ्याच्या संध्याकाळी हा सारा धूर शहरावर साचून राही. धुराला आळा घालण्यासाठी बंगालमध्ये १९०५ साली कायदा झाला. पण त्याचा रोख कारखान्यांच्या भट्ट्यांवर होता. घरातली बाई खोकतच राहिली.

याच शहरात १९१० साली डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी एक उपकरण तयार केले. आरोग्यदायी आणि काटकसरी या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द जोडून त्याचे नाव ठेवले गेले 'इकमिक कुकर'. महाराष्ट्रातील जुन्या पिढीच्याही ते परिचयाचे होते. रचना अगदी साधी. एक उंच बंद डबा. तळाशी थोडे निखारे. त्यावर पाणी आणि पाण्याच्या वाफेत एकावर एक बसविलेले भात, डाळ, भाजी यांचे डबे. निखारे एकदा पेटवून ठेवले की पुन्हा पाहावयास नको. बाहेरचे काम उरकून माणूस परत येई, तेव्हा अन्न शिजलेले असे आणि निखारे आपोआप विझत आलेले असत.

मूठभर कोळशात संपूर्ण जेवण कसे होई? याचे उत्तर समजून घेण्यासाठीच आज आपण येथे जमलो आहोत.

पाणी उघड्या भांड्यात सुमारे १०० अंशांना उकळते. त्यानंतर जाळ कितीही मोठा केला, तरी ते अधिक तापत नाही. वरणाला खळखळून उकळी फुटली म्हणजे ते लवकर शिजते, असा आपला समज असतो. परंतु डाळीला लाभणारी उष्णता मंद उकळीतही तेवढीच असते. अधिकचा जाळ फक्त पाण्याची वाफ करतो आणि ते काम फार महागडे आहे. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत न्यावयास ७५ किलोकॅलरी उष्णता पुरते. त्याच पाण्याची पूर्ण वाफ करावयास सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात. म्हणजे सातपट! झाकण न ठेवता खळखळ उकळणारे पातेले इंधनाचे पैसे खिडकीवाटे बाहेर सोडीत असते.

तेव्हा खरी बचत होते ती उकळी आल्यानंतर. उकळी आली की ज्योत बारीक करावी आणि झाकण ठेवावे. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, म्हणून अन्न लवकर शिजते. पण शिट्टी म्हणजे बाहेर टाकलेली उष्णताच होय. पहिली शिट्टी झाली की आच कमी करावी. हरभरे, राजमा रात्री भिजत घालावेत. बंगालमध्ये आणि कोकणातही भात वेळण्याची रीत आहे. त्यात पेजेबरोबर तापविलेले पाणीही निथळून जाते. पेज पिण्यात येत असेल तर उत्तम. टाकून द्यावयाची असेल, तर बैठा भातच बरा.

इकमिक कुकरची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याला वेळ फार लागे. शिवाय बंद खोलीत निखारे ठेवणे प्राणघातक ठरू शकते, कारण त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. म्हणून मी ते भांडे परत आणा असे म्हणत नाही. त्यामागील विचार मात्र उचलावा असे म्हणतो.

इंडेन गॅसची पहिली जोडणी १९६५ साली कलकत्त्यातच दिली गेली. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरिबाघरीही सिलिंडर पोहोचला. परंतु सिलिंडर घरी येणे निराळे आणि तो पुन्हा भरून आणणे निराळे. १४.२ किलो गॅस संपला आणि हाती पैसे नसले, की तीच बाई पुन्हा लाकूडफाट्याकडे वळते आणि धूर पुन्हा घरात शिरतो. आपल्यासारख्यांच्या घरी ज्योत बारीक केल्याने बिल थोडे उतरेल. तिच्या घरी तोच गॅस आणखी चार दिवस पुरला, तर ते चार दिवस बिनधुराचे जातील.

'उनुन'ला मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही. पण आता त्या शब्दापाशी थांबलो की, त्याच्यापुढे बसलेली बाई मला आधी दिसते. काटकसरीचा हिशेब तिच्यापासून सुरू व्हावा, एवढेच माझे मागणे आहे.