ज्यांची कहाणी लिहिली गेली नाही



बोटीवर नोकरीला जाण्याची आपल्या कोकणपट्टीतील परंपरा जुनी आहे. पण दुसऱ्या महायुद्धात बोटीवरच्या माणसांवर काय प्रसंग गुदरले, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

व्यापारी बोटींवरील सुमारे ६,६०० हिंदी खलाशी त्या युद्धात प्राणास मुकले आणि सुमारे १,२०० शत्रूच्या कैदेत सापडले. हे काही लष्करातले शिपाई नव्हते. पोटासाठी घर सोडलेली माणसे होती.

'अटलांटिस' या जर्मन जहाजाने हिंदी महासागरात पकडलेल्या बोटींवरचे कैदी 'तिरान्ना' या बोटीतून फ्रान्सकडे पाठविले. २२ सप्टेंबर १९४० रोजी, किनारा जवळ आला असता, एका ब्रिटिश पाणबुडीने शत्रूची बोट समजून ती बुडविली. ज्यांच्या बोटींवर राबले, त्यांच्याच टॉर्पेडोने कित्येक हिंदी खलाशांना मरण आले!

व्यापारी खलाशांसाठी जर्मनीत ब्रेमेनजवळ वेस्टरटिम्के येथे 'मिलाग नॉर्ड' ही छावणी होती. तेथील कैद्यांची सुटका झाली ती थेट एप्रिल १९४५ मध्ये.

गोऱ्या खलाशांनी या कैदेच्या आठवणी लिहून ठेवल्या. आपल्या माणसांच्या आठवणी मात्र त्यांच्याबरोबरच गेल्या, कारण बहुतेकांच्या हाती लेखणी नव्हती.

मित्रांनो, तुमच्या हाती ती आहे. घरातली जुनी पेटी उघडा. आजोबा-पणजोबांचे बोटीवरचे नोकरीचे पुस्तक, एखादे पत्र सापडेल. आजीला विचारा. ती सांगेल ते आजच वहीत उतरवा. आपल्या शिक्षणाचे ते पहिले ऋण आहे.