नवऱ्याच्या सहीची ओळ

आज डॉक्टर म्हणून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनो,

तुमच्यातले बरेच जण बंधपत्राच्या नोकरीसाठी एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू व्हाल. तिथं ओपीडी संपता संपता एक बाई आत येईल. कंबर दुखते म्हणेल, चक्कर येते म्हणेल, केसपेपरची घडी घालत नि मोडत बसेल. कडेवर वर्षाचं पोर, हिमोग्लोबिन आठच्या आतबाहेर. मागून आशाताई हळूच सांगतील, ‘‘दिवस गेलेत तिला. ठेवायचं नाही म्हणते.’’

त्यावर आपल्याकडचं उत्तर ठरलेलं आहे : ‘‘नवऱ्याला घेऊन ये, सही लागेल.’’

नाही लागत. १९७१च्या गर्भपात कायद्याला सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते. अठराच्या आतली असेल तर पालकाची लागते. हा कायदा ज्या समितीच्या अहवालावर उभा राहिला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह आपल्याच राज्याचे आरोग्यमंत्री होते. २०२१च्या दुरुस्तीनंतर तर गर्भनिरोधक फसल्याचं कारण सांगायला बाई विवाहित असण्याचीही अट उरली नाही, आणि वीस आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरचं मत पुरेसं झालं. काही ठिकाणी गर्भलिंगनिदानाच्या कायद्याच्या धास्तीनं गर्भपाताचं नावच काढत नाहीत. ते दोन कायदे वेगळे आहेत. ही गल्लत गावातल्या माणसानं केली तर समजू शकतं, तुम्ही करू नका.

परत पाठवलेली बाई पुढं काय करते? बीडकडची असेल तर दिवाळीच्या सुमारास जोडीनं ऊसतोडीला जाते. मुकादमाची उचल अंगावर असते, एका दिवसाचा खाडा झाला तरी पैसे कापले जातात. फडात पाळी चुकते, फडातच ती अंगावर काढते. नाहीतर कुणाकरवी दुकानातून गोळ्या मागवते. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या अभ्यासानुसार २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, त्यातले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. या गोळ्यांना मी नावं ठेवणार नाही, वेळेत आणि नीट घेतल्या तर त्या सुरक्षित आहेत. पण सलग दोन तास, तासाला दोन मोठे पॅड भिजले तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. गर्भ नळीत आहे का, हे कुणी बघितलेलं नसतं. आणि आठ हिमोग्लोबिनच्या बाईकडं सांडायला रक्त असतं किती?

खरं तर ही वेळच तिच्यावर येऊ नये. तांबी आहे, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आहे, छाया गोळी आहे, सगळं सरकारी केंद्रात फुकट. तरी आपलं कुटुंबनियोजन म्हणजे अजून बाईचं ऑपरेशन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातलं स्त्री नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के भरलं आणि पुरुषांचं ०.३. पुरुषांची शस्त्रक्रिया बिनटाक्याची, काही मिनिटांची. समोर बसलेल्या मुलग्यांनो, हसू नका. गावातल्या पुरुषांशी हे तुम्हालाच बोलायचं आहे.

आता पुन्हा त्या सहीकडं येऊ. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. अडचणीत सापडलेल्या विधवांना तिथं गुपचूप बाळंत होता येई. सही मागायला तिथं नवराच नव्हता, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

तर रुजू व्हाल त्याच दिवशी कपाट उघडून संमतिपत्राचा ‘नमुना सी’ काढा. त्यात नवऱ्याच्या सहीची ओळ नाही. कुणी पेनानं आखून ठेवली असेल, तर तो गठ्ठा बाद करा आणि कोरे नमुने मागवा. गर्भपाताचं प्रशिक्षण तुम्हाला नसेल, तर चिठ्ठी लिहा, ग्रामीण रुग्णालयात स्वतः फोन लावा आणि तिला त्याच दिवशी पाठवा.