पाणी किती? हाच खरा प्रश्न
(मासिक सभेतील भाषणाचा सारांश)



इंग्लंडमध्ये पीटरबरोच्या दक्षिणेला होम फेन नावाची पाणथळ जागा आहे. १८५१ साली तिथे एक लोखंडी खांब पुरला, त्याचं टोक जमिनीच्या पातळीत ठेवून. आज तो सुमारे ४ मीटर उघडा पडला आहे. खांब जागचा हललेला नाही. जमीन खचली आहे.

ही माती म्हणजे पीट. हजारो वर्षं पाण्यात अर्धवट कुजत साठलेल्या वनस्पती. शेतीसाठी पाणी उपसलं, जमीन आकसली, मग आत हवा शिरली. जिवाणू तो साठा खाऊ लागले आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड आजही हवेत जातो आहे.

"मग पाणी परत सोडा!" असं आपण पटकन म्हणतो. पण ज्यांनी गोबरगॅसची टाकी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे, हवा कोंडली की मिथेन तयार होतो. १०० वर्षांच्या हिशेबात तो वजनास वजन सुमारे २७ पट तापवतो. मात्र तो हवेत टिकतो साधारण १२ वर्षं, म्हणून पाणी सोडणं चूकच, असंही नाही.

मग किती पाणी? २०२१ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासानुसार, कोरड्या केलेल्या पीटमधलं पाणी दर १० सेंटिमीटर वर आणलं की हेक्टरी वर्षाला किमान ३ टन कार्बन डायऑक्साइडइतकी बचत होते. हा हिशेब पाणी ३० सेंटिमीटरवर येईपर्यंतचा. त्याहून वर, साधारण १० सेंटिमीटरपर्यंतही फायदाच असतो. कारण साधं आहे : खालचा साठा भिजलेला राहतो, आणि वरच्या हवेशीर थरातले दुसरे जिवाणू खालून येणारा मिथेन खाऊन टाकतात.

हे सगळं समजावल्यावर एका शेतकऱ्यानं मला विचारलं, "इतक्या ओल्या जमिनीत माझा ट्रॅक्टर चालेल का? आणि नाही चालला, तर कर्ज कोण फेडणार?" पहिल्याचं उत्तर मी मोजमाप करून देऊ शकते. दुसऱ्याचं माझ्याकडे नव्हतं.

या भागातली सेलरी आणि लेट्यूस आपण आठवड्याला विकत घेतो. जमीन वाचवण्याचा खर्च एकट्या शेतकऱ्यानं सोसावा, असं आपल्याला म्हणता येणार नाही. त्यातला आपला वाटा किती, यावर आता चर्चेत बोलूया.