हरलेला संघ पुन्हा मैदानात उतरतो तेव्हा

(वैजापूर येथे संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



आज ज्या मुलामुलींनी बक्षिसे घेतली त्यांचे मी मनापासून अभिनंदन करतो. परंतु मला बोलायचे आहे ते मागच्या रांगेत बसलेल्यांविषयी. ज्याचे गणित राहिले, जिचे इंग्रजी राहिले, ज्यांचा संघ तालुक्याच्या पहिल्याच सामन्यात बाद झाला, त्यांच्याविषयी आणि त्यांच्या आईवडिलांविषयी.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल शहरी मॅकॅलेस्टर नावाचे एक छोटे कॉलेज आहे. विद्येच्या क्षेत्रात त्याचे नाव मोठे. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान १९६१ साली तेथूनच पदवीधर झाले. तिकडचा फुटबॉल आपल्यासारखा नसतो. लांबट चेंडू हातात धरून पळायचे आणि समोरच्या अकरा जणांनी अंगावर येऊन पाडायचे, असा तो दांडगा खेळ. या खेळात हे कॉलेज १९७४ ते १९८० या काळात लागोपाठ ५० सामने हरले. म्हणजे काही मुले संघात आली, चार वर्षे खेळली, पदवी घेऊन गेली, आणि एकही विजय त्यांच्या वाट्याला आला नाही. तरीही संघ मोडला नाही. ६ सप्टेंबर १९८० रोजी माउंट सेनारिओ कॉलेजवर त्यांनी १७ विरुद्ध १४ अशी मात केली आणि ती मालिका संपली. २०१४ साली तर हेच कॉलेज आपल्या गटात विजेते ठरले.

दूरचे उदाहरण झाले, आता घरचे घेऊ. आपल्या शेजारच्या विदर्भाचा क्रिकेट संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकासाठी खेळू लागला. मुंबईने करंडक कितीदा जिंकला याची मोजदाद ठेवणे कठीण, आणि विदर्भाची पाटी कोरीच. पुढे कित्येक वर्षे तर तो दुय्यम गटातच खेळत होता. विदर्भाच्या खेळाडूला भारतातर्फे कसोटी खेळायला मिळाली ती थेट २०११ साली. तो उमेश यादव, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा.

त्या हरणाऱ्या संघात २००३-०४ च्या हंगामात नागपूरचा एक मुलगा आला, फैज फजल. पहिल्याच सामन्यात त्याने १५१ धावा काढल्या. भारतातर्फे त्याला एकच एकदिवसीय सामना मिळाला, २०१६ साली, झिंबाब्वेत. त्यात तो ५५ धावांवर नाबाद राहिला. पुन्हा बोलावणे आले नाही. दुसरा कोणी रुसून बसला असता. फैज मात्र २०१७-१८ मध्ये विदर्भाचा कर्णधार म्हणून उभा राहिला आणि त्या हंगामात त्याने ९१२ धावा केल्या.

त्या वर्षीची कोलकात्याची उपांत्य फेरी आठवा. विदर्भ पहिल्या डावात १८५ धावांत बाद. कर्नाटकाने ११६ धावांची आघाडी घेतली. पाहणारा म्हणाला असेल, झाले, नेहमीचेच! पण दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ धावा केल्या, आणि १९८ धावांचा पाठलाग करणारे कर्नाटक १९२ वर संपले. अवघ्या ५ धावांनी विजय! त्या डावात ७ बळी घेणारा रजनीश गुरबानी इंजिनिअरिंग शिकलेला मुलगा आहे, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीचा ९ गडी राखून पराभव करून विदर्भाने करंडक उचलला. पुढच्या वर्षी तो राखला आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा मिळवला.

हे काही चमत्काराने घडले नाही. लहान मुलांना शिकवण्यासाठी नागपूरला निवासी अकादमी निघाली. मुंबईहून चंद्रकांत पंडित यांना प्रशिक्षक म्हणून आणले. वसीम जाफर, मुंबईतील एका बस ड्रायव्हरचा मुलगा, कसोटीचा अनुभव घेऊन या संघात आला. आपले कुठे कमी पडते हे ओळखून जाणत्याला हाक मारण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आता माझे मागणे पालकांकडे. दहावीचा निकाल लागतो, एक विषय राहतो, घरात अबोला पसरतो. आठ दिवसांत मुलगा गॅरेजवर जातो आणि मुलीचे दप्तर माळ्यावर चढते. तिच्या सोयरिकीची बोलणी सुरू होतात. गॅरेजचे काम हलके नाही, घामाची कमाई आहे. पण एका विषयापायी सोळाव्या वर्षी सगळे आयुष्य ठरवून टाकणे, हा कुठला न्याय? आपण वैजापूरचे लोक दुष्काळ ओळखतो. एक साल पाऊस दगा देतो, म्हणून कोणी तिफण मोडून चुलीत घालत नाही. मग लेकराच्या बाबतीतच एवढी घाई का?

वाटा खुल्या आहेत. पूर्वी नापास झालेल्याला ऑक्टोबरची वाट पाहावी लागे. २०१५ पासून निकालानंतर काही आठवड्यांतच फेरपरीक्षेची सोय झाली. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेश मिळू शकतो. शाळा सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. अब्बांना फॉर्म वाचता येत नसेल तर शाळेत या, शिक्षकांना विचारा. विचारण्यात लाज कसली?

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक सांगतो. नुसते पुन्हा परीक्षेला बसून भागत नाही. पहिल्या वेळी कोणती उदाहरणे सुटली नाहीत ती वहीत उतरवा, सरांपुढे ठेवा आणि रोज तासभर तीच सोडवा. मनातली भीती अशी एकेका उदाहरणाने कमी होते.

आणि संस्थेच्या चालकांना माझी नम्र विनंती, पुढच्या समारंभात एक बक्षीस अशा मुलाला किंवा मुलीला द्या, जे एकदा नापास झाले आणि पुन्हा बसून पास झाले. त्या दिवशी त्यांच्या अम्मी-अब्बांनाही व्यासपीठावर बोलवा. निकालानंतर लेकराला पुन्हा शाळेच्या दारापर्यंत पोचवणारे तेच असतात.