जबड्याची सूज

पायाला ठेंच लागून ती चिघळली, कीं जांघेंत अवधाण येतें, हा अनुभव आपणांपैकीं बहुतेकांस असेल. शरीरांत शिरलेल्या जंतूंशीं झगडणाऱ्या पेशी तेथील गांठींत जमतात, व काम संपलें म्हणजे सूज ओसरते. सर्व शरीरभर पसरलेल्या ह्या व्यवस्थेला लसिकासंस्था म्हणतात. ह्या पहारेकऱ्यांपैकींच एखादी पेशी मर्यादा सोडून वाढूं लागली, तर जो कर्करोग होतो, त्याच्या एका विरळ परंतु अत्यंत उग्र प्रकाराविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

१९५७ सालीं युगांडांतील कंपाला येथील मुलागो रुग्णालयांत डेनिस बर्किट नांवाचे आयरिश शल्यवैद्य काम करीत होते. एके दिवशीं त्यांस पांच वर्षांचा एक मुलगा दाखविण्यांत आला. त्याचे वरचे व खालचे जबडे दोन्ही बाजूंनीं सुजले होते. जंतुदोषानें चारी ठिकाणीं एकदम सूज यावी, हें त्यांस पटेना. कांहीं आठवड्यांनीं जिंजा येथें तसेंच दुसरें मूल दिसलें. त्याच्या पोटांतहि गोळे होते. बर्किटांनीं जुनीं टिपणें चाळलीं, आणि १९५८ सालीं ह्या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें.

पुढें १९६१ सालीं दोन मित्रांसह त्यांनीं मोटारीनें आफ्रिकेच्या पूर्व व दक्षिण भागांतून सुमारें १०,००० मैल प्रवास केला. जागोजागच्या रुग्णालयांत प्रश्न एकच: अशीं मुलें येथें येतात काय? उत्तरें नकाशावर मांडतां दिसून आलें, कीं रोग उष्ण व पावसाळी सखल प्रदेशांत आहे, उंच व थंड पठारांवर नाहीं. हाच प्रदेश हिवतापाचाहि होता. त्याच वर्षीं लंडनमध्यें बर्किटांचें व्याख्यान ऐकलेल्या अँथनी एप्स्टाइन ह्यांनीं १९६४ सालीं दोघां सहकाऱ्यांसह ह्या गांठींच्या पेशींत एक नवा विषाणु शोधून काढला. हा विषाणु जगांतील बहुतेक प्रौढांच्या शरीरांत निमूटपणें राहतो. वारंवारच्या हिवतापानें मुलाची प्रतिकारशक्ति खचली, म्हणजे मात्र त्याला वाव मिळतो. पेशीच्या आठव्या गुणसूत्राचा तुकडा बहुधा चौदाव्याला जाऊन जोडला जातो, आणि वाढीचा लगाम सुटतो. मग एक-दोन दिवसांत गांठींतील पेशी दुप्पट होऊं शकतात.

परंतु जी गति ह्या रोगाचें भय, तीच त्याचें मर्मस्थान होय. कर्करोगावरील पुष्कळशीं औषधें विभागणाऱ्या पेशींवरच आघात करतात. गांठ इतक्या झपाट्यानें विरघळते, कीं मृत पेशींच्या भारानें मूत्रपिंडें बिघडूं नयेत म्हणून डोळ्यांत तेल घालून जपावें लागतें. सुसज्ज रुग्णालयांत दहांपैकीं सुमारें नऊ मुलें बरीं होतात. जेथें रुग्णालय दूर व औषध दुर्मिळ, तेथें हा आंकडा पुष्कळच खालीं येतो. रोग तोच, फरक वेळेचा व साधनांचा.

आपल्याकडेहि हा रोग क्वचित् आढळतो, व बहुधा जबड्याऐवजीं पोटांत असतो. प्रत्येक अवधाणाला भिण्याचें कारण नाहीं. पण न दुखतां वाढत जाणारी गांठ, फुगत चाललेलें पोट, अकारण हलूं लागलेले दांत हीं लक्षणें मुलांत दिसलीं, तर लेप लावून वाट पाहूं नये. ज्या रोगाला दुप्पट होण्यास दोन दिवस पुरतात, त्याला पंधरवड्याची मुदत देणें आपणांस परवडणारें नाहीं.