साडेसातशे सीसीची शाळा



गाडी चालवायला कसं शिकावं, याबद्दल माझं एक ठाम मत आहे आणि ते सांगितलं की तरुण मंडळी हसतात. माझं म्हणणं असं, की ज्याला शर्यतीत उतरायचं आहे त्याच्या हाती आधी दहा अश्वशक्तीची जुनी गाडी द्यावी. आणि किल्ली देण्यापूर्वी तिचं इंजिन उतरवून त्याच्यापुढं ठेवावं. हे मी गॅरेजच्या ओट्यावर बसून काढलेलं तत्त्वज्ञान आहे असं वाटेल. पण इंग्लंडात गेल्या शतकात एका चिमुकल्या गाडीभोवती हे सगळं प्रत्यक्ष घडलं. ती गाडी म्हणजे ऑस्टिन सेव्हन.

पहिल्या महायुद्धानंतर बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिजमध्ये हर्बर्ट ऑस्टिन यांचा कारखाना कर्जात बुडाला होता. मोठ्या गाड्या खपत नव्हत्या. साहेबांच्या डोक्यात एक लहान, सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी घोळत होती, पण संचालक मंडळी ऐकेनात. मग त्यांनी ड्रॉइंग ऑफिसातला स्टॅनली एज नावाचा अठरा वर्षांचा पोरगा हाताशी धरला आणि लिकी ग्रेंज या आपल्या घरातल्या बिलियर्ड्सच्या खोलीत दोघांनी मिळून गाडीचे आराखडे काढले. कंपनीचा पैसा नको, माझ्या पैशानं करतो, पण विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागं मला दोन गिनी द्या, असा सौदा ठरला. १९२२ साली गाडी लोकांपुढं आली. १९३९ पर्यंत अशा सुमारे २,९०,००० गाड्या बाहेर पडल्या. संचालकांना त्या दोन गिनी किती झोंबल्या असतील याचा हिशेब तुम्हीच करा.

गाडी कशी होती? इंजिन चार सिलिंडरचं, पण ७४७ सीसी, म्हणजे आपल्याकडच्या मारुती आठशेपेक्षाही लहान. ताकद दहा अश्वशक्तीच्या आसपास. क्रँकशाफ्टला आधार फक्त दोन्ही टोकांना, मधे बेअरिंगच नाही. त्यामुळं फार पळवली की क्रँक लवायचा आणि एखाद्या दिवशी कडकन मोडायचा. चासी इंग्रजी ए अक्षरासारखी, पुढं अरुंद नि मागं रुंद. पुढं स्प्रिंगचा एक आडवा पाटा, मागं दोन आखूड पाटे. ब्रेक चारही चाकांना होते, त्या काळात ही मोठीच गोष्ट. पण सुरुवातीच्या काही वर्षांत पायाचा ब्रेक मागच्या चाकांना आणि हाताचा पुढच्या चाकांना! क्लचची तर तऱ्हाच वेगळी. पेडल नखभर हललं की क्लच एकतर पूर्ण लागला, नाहीतर पूर्ण सुटला. अर्धा क्लच हा प्रकार या गाडीला जवळजवळ ठाऊकच नव्हता.

असल्या गाडीनं शर्यत काय कपाळ करायची, असं वाटणं साहजिक आहे. पण त्या वेळी इंग्लंडात हँडिकॅपच्या शर्यती चालत. लहान गाडीला तिच्या वकुबाप्रमाणं आघाडी मिळे आणि मागून मोठी धुडं तिला गाठायला सुटत. १९२९ साली उत्तर आयर्लंडमधल्या आर्ड्‌सच्या रस्त्यांवर टूरिस्ट ट्रॉफी झाली. पहिला आला मर्सिडीजवाला काराचिओला, दुसरा अल्फा रोमिओवाला कांपारी आणि तिसरा आर्ची फ्रेझर-नॅश, सुपरचार्जर बसवलेली ऑस्टिन सेव्हन घेऊन. त्या शर्यतीवरूनच पुढं गाडीच्या स्पोर्ट्‌स मॉडेलला अल्स्टर हे नाव चिकटलं. पुढच्याच वर्षी ब्रुकलँड्‌सच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत सॅमी डेव्हिस आणि अर्ल ऑफ मार्च या जोडीनं ऑस्टिन सेव्हन पहिली आणली, सरासरी वेग ताशी १३४ किलोमीटरच्या आसपास. दोन बेअरिंगांच्या क्रँकवर पाचशे मैल! इंजिन कुठं दमतं आणि कुठं आणखी देतं, हे कानानं ओळखणाऱ्याचंच ते काम.

मला खरी गंमत वाटते ती मात्र पुढची. लाखांनी विकलेली ही गाडी पुढं जुनी झाली, पत्रा गंजला आणि ती भंगारात मिळू लागली. खिसा हलका नि हौस दांडगी अशा पोरांनी ती उचलली, वरचा सगळा पत्रा फेकून दिला, चासी उघडी केली आणि तिच्यावर स्वतःच्या हातानं नवी गाडी चढवली. अशा गाड्यांना तिकडं ‘स्पेशल’ म्हणतात. १९३९ मध्ये बिल बॉडी या मोटारींवर लिहिणाऱ्या पत्रकारानं ७५० मोटर क्लब काढला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर या क्लबानं ऑस्टिन सेव्हनच्या सुट्या भागांतून बांधलेल्या गाड्यांसाठी शर्यतीचा स्वतंत्र वर्गच सुरू केला. नियमांचा हेतू एकच: ज्याच्याकडं पैसा आहे त्यानं नव्हे, ज्याच्याकडं डोकं आणि पाना आहे त्यानं जिंकावं.

त्या गर्दीत कॉलिन चॅपमन नावाचा एक विद्यार्थी होता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्ट्रक्चरल इंजिनीअरिंग शिकता शिकता तो जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करायचा. १९४७ च्या अखेरीस सरकारनं खासगी गाड्यांना मिळणारं पेट्रोलचं रेशनच बंद केलं आणि जुन्या गाड्यांचा बाजार एका रात्रीत झोपला. त्याच्याकडं एक ऑस्टिन सेव्हन पडून राहिली, कुणी घेईना. मग हेझल या त्याच्या मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजात त्यानं ती उघडली. पूल आणि इमारती कशा उभ्या राहतात याचं गणित त्याला नुकतंच शिकवलं होतं. ते त्यानं चासीला लावलं, वर ॲल्युमिनियम चढवलेल्या प्लायवूडची बॉडी ठोकली. १९४८ सालची ती पहिली लोटस. त्याच हेझलशी त्यानं पुढं लग्न केलं, आणि ज्या बाईनं आपल्या घरामागं हा पसारा सहन केला तिचा लोटसमधला वाटा कुणी फारसा मोजत नाही.

१९५१ साली त्यानं ७५० च्या शर्यतीसाठी तिसरी गाडी बांधली आणि नियमांच्या चौकटीत राहून सगळ्यांना चकवलं. ऑस्टिनच्या ब्लॉकमध्ये आत हवा-पेट्रोल जायची भोकं दोनच, चार सिलिंडरना दोन-दोनांत वाटून दिलेली. शेजारचा सिलिंडर याच्या तोंडचा घास पळवायचा. चॅपमननं मॅनिफोल्डची अशी बनावट केली की प्रत्येक भोकाचे दोन भाग झाले आणि चारही सिलिंडरना आपापली वाट मिळाली. गाडी इतकी सुसाट सुटली की क्लबाला नियम बदलून ती युक्ती बंद करावी लागली. माझ्या मते स्पर्धेत नियम बदलावा लागणं यापेक्षा मोठा चषक नाही.

त्याच वेळी दूर न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एका गॅरेजवाल्याच्या घरी १९२९ ची अल्स्टर सुट्या भागांत येऊन पडली होती. या गॅरेजवाल्याचा मुलगा ब्रूस. लहानपणी खुब्याच्या आजारानं दोनेक वर्षं बिछान्याला खिळला होता, एक पाय आखूड राहिला होता. बाप-लेकांनी मिळून ती गाडी जोडली आणि १९५२ मध्ये, मिसरूडही फुटलं नव्हतं अशा वयात, ब्रूस ती घेऊन मुरिवाईच्या डोंगर-चढाईच्या स्पर्धेत उतरला. १९५९ साली अमेरिकेतल्या सेब्रिंगला तो फॉर्म्युला वनची शर्यत जिंकला तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्यानं १९६३ मध्ये काढलेल्या संघाचं नाव आजही टीव्हीवर रविवारी ऐकू येतं: मॅकलॅरन.

आता शिकवण्याकडं येतो. या दोघांना शिकवलं कुणी? बरंचसं गाडीनंच. ते कसं, हे थोडं उलगडून सांगतो.

आपल्यापैकी ज्यांनी जुना ट्रक, एसटी किंवा जीप हाकली आहे त्यांना डबल क्लच म्हणजे काय हे सांगायला नको. जुन्या गिअरबॉक्समध्ये आतली चक्रं आपली आपण एकमेकांशी जुळवून घेत नाहीत. गिअर खाली घ्यायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून एक रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. रेस कमी पडली किंवा जास्त झाली की दात खरडतात आणि शेजारच्या गाडीतला माणूससुद्धा तुमच्याकडं बघतो. अशा गिअरबॉक्सवर शिकलेल्याला इंजिनाचा वेग आणि चाकांचा वेग हे दोन वेगळे आकडे आहेत, हे पाठ करावं लागत नाही. ते त्याच्या पायात उतरलेलं असतं.

दुसरी गोष्ट, गाडीत ताकद नसणं. शंभर-दीडशे अश्वशक्तीच्या गाडीत वळणावर चूक झाली तर ॲक्सिलरेटर दाबून ती झाकता येते. चालवणाऱ्याला वाटतं, आपण वेगात गेलो. दहा अश्वशक्तीत ही सोय नाही. वळणाआधी उगाच ब्रेक मारलात, रेषा चुकलात, तर गेलेला वेग परत मिळवायला पुढचा अख्खा सरळ रस्ता लागतो आणि तेवढ्यात चार जण पुढं निघून जातात. चूक केली की तिची किंमत लगेच मोजावी लागते, आणि वेग कमी असल्यामुळं ती जिवावर बेतत नाही. म्हणून नवशिक्यासाठी अशी गाडी मला शंभर मास्तरांपेक्षा बरी वाटते.

ब्रेकचंही तेच. तारांवर चालणारे, मनात येईल तेव्हा लागणारे ब्रेक असले की माणूस आपोआप लांब बघायला शिकतो. आजच्या आपल्या एक्स्प्रेसवेवर पुढच्या गाडीच्या डिकीला नाक लावून चालणाऱ्यांना एक महिना तसल्या ब्रेकवर चालवायला लावावं, असं मला फार वेळा वाटतं. असो.

आणि तिसरी गोष्ट, तोडणारा आणि जोडणारा एकच असणं. क्रँक मोडला तर तो पुढचे चार रविवार तुम्हालाच बसवायचा आहे, हे माहीत असल्यावर पाय आपोआप हलका होतो. शिवाय गाडी मागून का सरकते, हे त्या पोरांना पुस्तकातून कळलं नाही. मागचा पाटा वळणावर दबला की अख्खा धुरा जरासा तिरका होतो, म्हणजे गाडी मागच्या चाकांनीही वळायला लागते, हे त्यांनी स्वतः बोल्ट आवळताना पाहिलेलं होतं.

पद्धतशीर शाळाही निघाल्या. महायुद्ध संपल्यावर इंग्लंडात विमानतळ ओस पडले होते, त्यांच्या कडेचे रस्ते शर्यतींना आयते मिळाले. आपल्याकडं मद्रासजवळच्या शोलावरमलाही जुन्या धावपट्टीवरच शर्यती व्हायच्या. पाचशे मैलांची शर्यत जिंकणारे ते अर्ल ऑफ मार्च पुढं ड्यूक झाले आणि १९४८ साली त्यांनी आपल्या इस्टेटीवरच्या विमानतळावर गुडवुडचा ट्रॅक उघडला; आज जुन्या गाड्यांच्या शर्यतींची ती पंढरी आहे. नॉरफकमध्ये स्नेटरटनच्या तशाच विमानतळावर १९५७ मध्ये जिम रसेल यांनी शर्यतीच्या ड्रायव्हरांची शाळा काढली. रसेल स्वतः गॅरेजवाले, लहान पाचशे सीसी गाड्यांच्या वर्गात अनेकदा अजिंक्य ठरलेले. पुढं ब्राझीलचा एमर्सन फिटिपाल्डी त्यांच्या शाळेत शिकला आणि १९७२ मध्ये जगज्जेता झाला, तोही लोटस चालवून. भंगारातल्या ऑस्टिनपासून निघालेली वाट अशी फिरून एकत्र आली.

चॅपमननं आणखी एक केलं. बांधायची हौसच त्यानं विकायला काढली. तयार गाडीवर इंग्लंडात जबर कर होता, सुट्या भागांवर नव्हता. मग १९५७ पासून लोटस सेव्हन खोक्यातून सुट्या भागांत मिळू लागली. घरी न्या नि जोडा. जोडणीच्या सूचना दिल्या तर कर लागेल, म्हणून गाडी खोलायच्या सूचना दिल्या, त्या उलट्या वाचायच्या, अशी एक गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, चॅपमनला शोभणारी आहे. १९७३ मध्ये लोटसनं ती गाडी सोडली आणि केटरहॅमनं हक्क घेतले. ती अजून बनते.

ऑस्टिन सेव्हनचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंतही येतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावी ही गाडी बनवायला एक कंपनी निघाली होती. ती डबघाईला आली, बँटम हे नाव घेऊन पुन्हा उभी राहिली आणि १९४० मध्ये तिनं अमेरिकी लष्कराला पहिली जीप बनवून दिली. मोठी ऑर्डर मात्र विलिस आणि फोर्ड यांनी पळवली. त्या विलिसच्या जीपा १९४७ पासून महिंद्रानं मुंबईत जोडायला घेतल्या. आपल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मेस्त्र्यांनी हात साफ केले ते त्याच जीपवर.

म्हणून एक विनंती. तुमच्या वाड्यामागं ताडपत्रीखाली एखादी जुनी जीप किंवा फियाट उभी असेल, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी घरातल्या मुलामुलींना विचारा. गावात जुने मेस्त्री असतीलच. त्यांना रविवारी चहाला बोलवा आणि पोरांना इंजिन खोलू द्या. परवाना मिळेपर्यंत गाडी आवारातच फिरवा. आणि ज्याला पुढं शर्यतीची ओढ लागेल त्यानं कोईमतूरजवळचा करी स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक गाठावा, तिथं हेल्मेट घालून, नियमानं, रीतसर हरावं-जिंकावं. रात्रीच्या हायवेवर मात्र कृपा करून नको.