‘सगळं कापून टाकणार का?’

(महिला मंडळाच्या सभेत एका परिचारिकेने केलेले भाषण)



जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर मी बरीच वर्षे परिचारिका म्हणून फिरते. आजचा विषय मंडळीत सहसा कोणी काढत नाही. पण संकोचापायी बायका जिवाला मुकतात, म्हणून बोलते.

काही वर्षांपूर्वी भातलावणीच्या दिवसांत एक वारली बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, “बाय, छातीत सुपारीएवढी गाठ आहे. दुखत नाही.” मी म्हटले, दवाखान्यात चल. तिने विचारले, “सगळं कापून टाकणार का?” मी घाईत होते. “ते डॉक्टर ठरवतील,” एवढेच बोलले. ती आली नाही. पुढच्या वर्षी आली, तेव्हा गाठ फुटून जखम झाली होती. ती वाचली नाही. तिला द्यायचे राहिलेले उत्तर आज तुम्हाला देते.

स्तनातील बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण न दुखणारी गाठही दाखवलीच पाहिजे, कारण कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. डॉक्टर आधी हाताने तपासतात, मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी करतात. शंका वाटली तर जागा बधिर करून सुईने गाठीचा बारीक तुकडा काढतात व तपासायला पाठवतात. सुई लावल्याने कॅन्सर पसरतो, ही भीती मनातून काढून टाका.

कॅन्सर निघाला, तरी गाठ लहान असताना बहुतेक वेळा स्तन वाचवता येतो. गाठ आणि तिच्याभोवतीची थोडी निरोगी कड काढतात, काखेतील ग्रंथी तपासतात आणि नंतर स्तनाला किरणोपचार देतात. इटलीतील मिलान शहरात डॉ. उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात लहान गाठी असलेल्या ७०१ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाचा पूर्ण स्तन काढला, दुसऱ्याचा फक्त गाठीचा भाग काढून किरणोपचार दिले. वीस वर्षांनी पाहिले, तर दोन्ही गटांत जगण्याचे प्रमाण सारखेच होते. गाठ फार मोठी किंवा अनेक ठिकाणी असेल, तर मात्र पूर्ण स्तन काढावा लागू शकतो. म्हणूनच लवकर यायचे.

आता खरी अडचण सांगते. हे किरणोपचार साधारण तीन ते पाच आठवडे चालतात, आठवड्यातून पाच दिवस. त्यासाठी नाशिकला किंवा मुंबईला राहावे लागते. मजुरी बुडते, घरी लेकरे असतात. मग बाई म्हणते, “सगळंच काढा, म्हणजे लवकर घरी जाईन.” वाचू शकणारा स्तन केवळ राहायला जागा नाही म्हणून जातो.

मागे एका बहिणीला शहरातील आपल्याच एका कुटुंबाने महिनाभर घरी ठेवून घेतले. उपचार पुरे करून ती नागलीच्या लावणीला परत आली. आज तीच शेजारणींना हाताला धरून माझ्याकडे आणते.

तुमच्याकडे मोठी रक्कम मागत नाही. कोणाची एक खोली, कोणाचे गाडीभाडे, कोणी चार आठवडे लेकरांना सांभाळणारे, एवढे पुरे. आणि पाड्यावर कोणी तो प्रश्न विचारला, तर घाई करू नका. शेजारी बसा आणि सांगा, “लवकर आलीस तर बहुधा नाही.”